भोपळा वाळेपर्यंत

गेल्या फाल्गुनात आमच्याकडे एक दूरचे नातेवाईक लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. चहा येईपर्यंत ते छताकडेच बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "दृष्ट लागू नये म्हणून लोक दारात एक कोहळा टांगतात. तुम्ही घरात सात टांगलेत. एवढं दृष्ट लागण्यासारखं काय केलंत हो?"

मी म्हटलं, "कोहळे नाहीत ते. कडू भोपळे आहेत. वाळताहेत."

"मग पुढे काय करणार त्यांचं?"

"वाळले की बघू."

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाने असलं उत्तर द्यावं, याचं त्यांना नवल वाटलं असणार. आमच्या नोकरीत 'बघू' हा शब्दच नव्हता. प्रत्येक गोष्टीला तारीख होती आणि तारीख टळली की ती थकबाकी. भोपळ्याला तारीख विचारून चालत नाही, हे कळायला मला निवृत्तीनंतरची तीन वर्षं आणि बरीच फजिती खर्ची घालावी लागली.

हे सगळं सुरू झालं तंबोऱ्यापासून. आमची सौ. गाते. मैफलीत बसून नव्हे, पण सकाळी तासभर खर्ज लावल्याशिवाय तिचा दिवस उगवत नाही. तिचा तंबोरा तिच्या वडिलांनी १९८४ साली मिरजेहून करून आणलेला. माझ्या बदल्यांबरोबर त्याने अकरा घरं पाहिली. ट्रकमधून गेला, एसटीच्या मागच्या सीटवर माणसासारखं तिकीट काढून गेला, पण त्याला कधी ओरखडा आला नाही. आणि २०२१ साली, सांगलीच्या स्वतःच्या घरात, रंगकामानंतर माळ्यावरून खाली काढताना तो माझ्याच हातून निसटला. भोपळ्याला वीतभर चीर गेली. सौ. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सांगलीहून मिरज म्हणजे शेजारचंच गाव. सतारमेकर गल्लीत गेलात तर कुठल्याही दुकानाच्या आढ्याला, माडीवर, जिन्याखाली तुम्हाला भोपळेच भोपळे दिसतील. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतारी आणि तंबोरे करायला सुरुवात केली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि गवयांचं आणि कारागिरांचं नातं आणखी घट्ट झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. तंबोऱ्याची दांडी, तबली, खुंट्या, सगळं माणसाने तासून घडवलेलं असतं. खालचा गोल मात्र शेतात पिकलेला असतो. कारागीर त्याचं तोंड कापतात, तो पाण्यात भिजवतात, आतून काटक्यांचा ताण देऊन घेर मनासारखा फाकवतात आणि पुन्हा वाळवतात. गोलाई द्यायची ती वेलाने. माणूस फार तर तिला थोडी समजूत घालतो.

मी ज्यांच्याकडे गेलो ते कारागीर साठीच्या पलीकडचे. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला. "सरस आणि कापडाची पट्टी लावून देतो, तेवढ्यावर चालवा. खरं तर भोपळा बदलायला पाहिजे. पण या घेराचा, एवढ्या जाड सालीचा आत्ता माझ्याकडे नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून माल येतो. आला की कळवतो."

"कधी येईल?"

"वाळला की."

दुकानात पुष्कळ उकडत होतं, तरी ते दोन शब्द ऐकून माझ्या अंगावर गार पाणी पडल्यासारखं झालं. हेच दोन शब्द मी पूर्वी ऐकले होते, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून.

१९९० चा जून. मी मंगळवेढे तालुक्यातल्या एका शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. उजनीचं धरण होऊन दहा वर्षं झाली होती. पाणी आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्याही तोंडी एकच शब्द होता, ऊस. अशा गर्दीत एक मुंडासंवाला माणूस पुढे आला आणि त्याने चार हजार रुपये मागितले. भोपळ्यासाठी.

पीककर्ज देताना आमच्यापुढे एक तक्ता असे. कोणत्या पिकाला एकरी किती द्यायचं, ते जिल्ह्याची समिती ठरवून देई. त्यात ज्वारी होती, करडई होती, तूर होती, ऊस तर होताच. भोपळा नव्हता. मी विचारलं, "भाजीचा का?"

"न्हाई साहेब. कडू जहर असतोय. खाया येत न्हाई."

"मग घेणार कोण?"

"मिरजंचं लोक. तंबोऱ्याला."

"पैसे कधी येतील?"

"वाळला की."

मी हसलो होतो. हे मला पक्कं आठवतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारीही हसला होता. माझ्या स्वतःच्या घरात, पलंगाच्या कोपऱ्याशी, तसलाच एक भोपळा गवसणी घालून उभा आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्यांना ज्वारीवर कर्ज घ्या असं सुचवलं. ते म्हणाले, ज्वारी लावायची नाही तर खोटं कशाला लिहायचं. सात-बारा परत घडी करून त्यांनी खिशात ठेवला. जाताना पिशवीतून एक छोटा, सुरईच्या आकाराचा वाळका भोपळा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "पोरास्नी खेळाया," म्हणाले. गिऱ्हाइकाकडून भेटवस्तू घ्यायची नाही असा नियम होता. भोपळ्याला किंमत नसते, म्हणून मी तो घेतला.

माझ्या दोन्ही मुली त्या भोपळ्याचा खुळखुळा करून वाढल्या. मग तो माळ्यावर गेला. मिरजेहून परत आल्यावर मी तो शोधून काढला, करवतीच्या पात्याने कापला आणि आतलं बी मोजलं. चांगल्या वीस बिया निवडून २०२२ च्या वसंतात कुंडीत लावल्या. कादंबरीत असतं तर त्यातली एक तरी उगवली असती. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे हे खात्रीने सांगतो. प्रत्यक्षात बत्तीस वर्षांचं बी ते. एकही कोंब आला नाही.

मग मे महिन्यात त्या गावी गेलो. माणसाचं नाव विसरलो होतो, गाव आठवत होतं. पारावर 'भोपळेवाले' म्हटल्यावर लगेच घर दाखवलं. ते स्वतः २०११ साली गेले. त्यांच्या पत्नी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी थोडा वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "ब्यांकेचं साहेब व्हय? ज्यांनी ज्वारी लावा म्हनलं त्ये?"

घरी ते सगळं सांगितलेलं होतं तर.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच अवघडलो. त्या वर्षी त्यांनी एका व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली होती. उचल घेतली की भाव तो सांगेल तो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चार-पाच वर्षांनी मुलाने ऊस लावला. "भोपळा काय, दोन सालं उलाढाल अडकून पडती. पोटाला काय खायाचं तवर?" मी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच बोललो नाही. चहा घेतला. गोठ्याच्या पत्र्यावर गेल्या हंगामातला एक वाळका वेल अजून अडकून होता. दरसाल एक वेल त्या तिथे चढवतात, बी मोडू नये म्हणून. कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी मला अकरा बिया दिल्या. मोठ्या तुंब्याच्या आणि लहान सुरईच्या मिसळलेल्या. "जे यील त्ये यील."

अकरापैकी नऊ उगवल्या. ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी सांगतो: बी कठीण असतं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवून मृगाच्या पावसावर लावावं. एका आळ्यात दोन, पुढे त्यातलं धडधाकट एकच ठेवावं. वेल चढायला लागला की घरातल्या बाकीच्या झाडांचं काही खरं नाही. आमच्या शेवग्यावर, कपड्यांच्या दोरीवर आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर तो गेला. शेजारी सज्जन, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की फळ कोणाचं.

या वेलाची फुलं पांढरी असतात आणि ती संध्याकाळी उमलतात. नर वेगळं, मादी वेगळी. मादी फुलाच्या मागे देठाशी इवलासा भोपळा आधीच दिसतो. हे लग्न लावणारे पतंग रात्री येतात. आमच्या कॉलनीत दिव्यांच्या झगमगाटात ते फारसे फिरकत नसावेत, कारण सुरुवातीची फळं सुपारीएवढी होऊन गळायची. मग मी दिवेलागणीला नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मादी फुलांना लावत हिंडू लागलो. नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही फुलांना फुलं का देताय?" त्याच्या आईने त्याला आत बोलावून घेतलं.

फळं धरली, वाढली, आणि दिवाळीला त्यातलं एक घागरीएवढं झालं. हिरवंगार, तुकतुकीत. मला धीर धरवेना. मी सगळी तोडली आणि गच्चीवर कडक उन्हात मांडून ठेवली. महिनाभरात ती सुरकुतली, मग मऊ पडली, मग त्यातून पाणी सुटलं. वास असा, की सौ. म्हणाली, "अहो, आता यांना पोचवून या." मी गावी फोन केला. नातवाने आजीला दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "वेल मेल्याबिगर तोडायचा नसतोय, साहेब."

दुसऱ्या वर्षी, २०२३ साली, मी काहीही केलं नाही, आणि हे काहीही न करणं मला फार जड गेलं. फळांची वाढ पूर्ण झाल्यावर पाणी कमी केलं. जमिनीवरच्या फळांखाली पेंढा घातला, कारण टेकलेली बाजू चपटी होते आणि ओल लागली तर कुजते. संक्रांतीनंतर वेल पिवळा पडला, मग करडा, मग नुसती दोरी उरली. देठ तपकिरी आणि टणक झाल्यावर, चार बोटं देठ ठेवून भोपळे कापले. उन्हात नव्हे, वारा खेळेल अशा सावलीत ठेवले. हिरव्या भोपळ्यात बहुतांश पाणीच असतं, आणि ते सगळं त्या सालीतून हळूहळू बाहेर पडायचं असतं. लहानांना दोन-तीन महिने लागतात, मोठ्यांना सहासुद्धा. मधल्या काळात सालीवर काळी-पांढरी बुरशी चढते. ती पाहून मी पुन्हा घाबरलो, पण ती वरवरची असते. भोपळा टणक आहे तोवर ती त्याला खात नाही. बोटाने दबला तर मात्र तो गेला समजायचं. दर चार-आठ दिवसांनी कूस बदलून ठेवायचं, एवढंच आपलं काम.

त्या रिकाम्या महिन्यांत मी भोपळ्याविषयी वाचत बसलो. हा कडू भोपळा म्हणजे आपल्या दुधीचा सख्खा भाऊ, एकाच जातीचा. मूळचा आफ्रिकेचा. वाळला की तो इतका हलका होतो, की समुद्रावर तरंगतो, आणि आतलं बी जिवंत राहतं. असाच तरंगत तो माणसाच्या मदतीशिवाय अमेरिकेला पोहोचला असावा, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने सांगितलं. आपल्याकडे जुन्या लोकांनी त्याच्या तरंगण्याचा उपयोग केलाच होता. पाठीला दोन भोपळे बांधून विहिरीत ढकललेली आमची पिढी पोहायला शिकली. अशा जोडीलाही सांगड म्हणत. आता आपण फक्त विचारांची सांगड घालतो. पालघरकडच्या वारल्यांचा तारपा याच भोपळ्याचा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा मेणाने जोडून केलेला. बस्तरमध्ये याला तुमा म्हणतात. रानात पाणी न्यायला तो वापरतात आणि तापल्या सुरीने त्यावर नक्षी डागतात. गोसाव्याचा कमंडलू, भजनी मंडळींची एकतारी, सगळं याच वेलाचं. आणि लेकीकडून परतणारी ती म्हातारी! गोष्टीच्या पुस्तकात चित्रकार हमखास लाल भोपळा काढतात. लाल भोपळ्यात बसून कोणी टुणकन उडेल का? ती म्हातारी वाळक्या कडू भोपळ्यातच बसली असणार. लेकीच्या घरी तो परसात पडलेला असेल.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हा वेल परसातल्या दुधीजवळ लावू नका. त्या वर्षीचा दुधी बिघडत नाही, पण पराग मिसळले तर त्याचं धरलेलं बी पुढच्या वर्षी कडू फळ देऊ शकतं. आणि कडू निघालेला दुधी, मग तो बाजारातला का असेना, पथ्य म्हणूनसुद्धा पोटात घालू नये. त्याच्या रसाने माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. चव बघावी, कडू लागला तर थुंकून टाकावा.

२०२४ च्या जूनमध्ये एके दिवशी केर काढताना सौ.चा धक्का कोपऱ्यातल्या मोठ्या भोपळ्याला लागला आणि आतून बी खुळखुळलं. ती केरसुणी तशीच धरून उभी राहिली. मग तिने पुन्हा एकदा मुद्दाम हलवून पाहिलं. मी टेप घेऊन धावलो. घेर त्रेचाळीस इंच भरला. बायकी तंबोऱ्याला थोडा लहान, पण चालला असता.

दुसऱ्याच दिवशी तो मांडीवर घेऊन मिरज गाठलं. कारागिरांनी भोपळा कानाशी धरला, मधल्या बोटाच्या पेराने चार ठिकाणी वाजवला. तोंडावरूनच मला कळलं. कर्ज नाकारताना माझंही तोंड तसंच होत असणार.

"साहेब, कष्ट घेतलेत. पण साल पातळ आहे. एका वेलावर किती फळं ठेवली होती?"

"सात."

"सात पोरांना एका ताटात वाढलं तर अंग कुणाचं भरणार? दोन ठेवा, जास्तीत जास्त. तारांचा ताण पडला तर हा महिन्यात फुटेल." मग माझ्याकडे बघून त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, "याचा दिवा करा. छान होईल."

दिवा केला. त्याआधी भोपळा ओल्या गोणपाटात रात्रभर गुंडाळून ठेवला आणि काथ्याने घासला. वरची पापुद्र्यासारखी साल निघून गेली आणि खालून पितळेसारखा रंग वर आला. आत सुकलेला गर असतो, तो लांब दांड्याच्या चमच्याने खरवडायचा. नाकाला फडकं बांधा, ती धूळ फार वाईट. पेन्सिलने नक्षी काढली. माझ्या दृष्टीने ती वेल होती, नातवाच्या मते रेल्वेचे रूळ. छोट्या हातड्रिलने त्यावर भोकं पाडली, जवसाच्या तेलाचा हात दिला आणि आत एलईडीचा बारका दिवा सोडला. जुना तापणारा बल्ब मुळीच घालू नये. त्या रात्री वीज घालवून आम्ही तो लावला, तेव्हा भिंतभर ठिपके पडले. सुरईच्या दोन भोपळ्यांना दीड-दीड इंचाचं भोक आणि तळाशी पाणी निचरायला बारीक छिद्रं पाडून बाहेर टांगले. एकात चिमण्या आल्या. दुसऱ्यात मुंग्या.

चिरेवर पट्टी लावलेला तंबोरा अजून तसाच आहे. सौ. म्हणते, खर्जाची तार पूर्वीसारखी बोलत नाही. मला ते ऐकू येत नाही, पण ती म्हणते म्हणजे नसेलच बोलत. २०२४ च्या पावसाळ्यात मी वेलाला दोनच मोठी फळं ठेवली, बाकीची लहानपणीच खुडली. छताला टांगलेले सात म्हणजे सुरईचे, आणि मोठे दोन कोपऱ्यात जुन्या लुगड्यांच्या चुंबळीवर बसवलेले. दिसतात तरी जाडजूड. पाहुण्यांना मी 'बघू' म्हटलं ते या दोघांच्या भरवशावर.

या जूनमध्ये मंगळवेढ्याकडून फोन आला. आजींचा नातू बोलत होता. आजीच्या पत्र्यावरच्या वेलाचं बी धरून तो यंदा दहा गुंठ्यांत भोपळा लावतोय. मिरजेच्या एका कारागिराने थेट माल घेईन म्हणून शब्द दिलाय. "पण आगाऊ उचल घेऊ नगो म्हणती आजी," तो म्हणाला. "तुमच्या ब्यांकेच्या यादीत आता हाय का, भोपळा?"

मी चौकशी करतो म्हटलं. शाखेचा नंबर शोधून काढला. फोन उचलणारा अधिकारी तरुण होता, बोलायला अदबशीर. मी माझी ओळख दिली, पीक सांगितलं. पलीकडे कळफलकावर बोटं चालल्याचा आवाज आला.

"भोपळा म्हणजे सर, भाजीचा का?"

"नाही," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसलो. "तुम्हाला दहा मिनिटं आहेत का?"